तेहतीस मिनिटांचं भांडण

वहिनी,

तुम्ही गेल्यापासून घरात जो येतो तो तुमच्या पुरणपोळीचं कौतुक करतो. मी ऐकून घेतो. तुमची पोळी दर वेळी फाटायची, पुरण तव्यावर सांडायचं आणि तुम्ही स्वतःच म्हणायचात, "खा भाऊजी, पोटात गेल्यावर सगळं एकच होतंय." पण भेटायला आलेल्या माणसाला काहीतरी बोलावं लागतं, आणि मुकुंदवाडीतल्या आपल्या गल्लीत बाईबद्दल बोलायचं तर सुरुवात स्वयंपाकापासूनच होते. एकानंही म्हटलं नाही, की ह्या बाईनं वरच्या खोलीत बसून चिकलठाण्यातली किती घरं बांधायच्या आधीच लोकांना रंगवून दाखवली. आणि कंप्युटरच्या प्रोसेसरचा वेग वाढवण्यात काय मिळतं, काय जातं, ह्यावर तुम्ही दिराशी सात वर्षं भांडलात, हे तर कुणाला ठाऊकच नाही.

ते मीच लिहायला पाहिजे. कारण त्या भांडणात मी एकदा तुमच्याशी खोटा वागलो, आणि सांगायचं राहून गेलं.

तुमची मुक्ता पाचवीत गेली त्या वर्षी तुम्ही काम करायचं ठरवलंत. सिव्हिलचा डिप्लोमा लग्नाच्या आधीचा, पेटीत पडलेला. घर बांधणाऱ्याला घर पुढून कसं दिसेल, आत ओटा कुठं येईल, भिंतीला कुठला रंग शोभेल, ह्याची हुबेहूब चित्रं कंप्युटरवर करून द्यायची, असं काम. ते शिकायला तुम्ही सहा महिने रोज बसनं गेलात. दादा चिकलठाण्याच्या कंपनीत स्टोअरला, त्याला ह्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून कंप्युटर घ्यायला त्यानं तुम्हाला माझ्याबरोबर पाठवलं. मी शेंद्र्याच्या कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. घरातला जाणकार म्हणजे मीच.

दुकानदारानं दोन प्रोसेसर पुढे ठेवले. एकाकडं बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, ये अनलॉक्ड है. इसकू जित्ता भगाना उत्ता भगाओ." तुम्ही तोच घेतलात. येताना स्कूटरवर, जालना रोडच्या सिग्नलला, मागून विचारलंत, "भाऊजी, भगाना म्हंजे काय वो?"

मी सांगितलं. प्रत्येक प्रोसेसरला कंपनी एक वेग ठरवून देते. ज्याला कुलूप नाही, त्याचा वेग आपल्याला वाढवता येतो. पण मग तो वीज जास्त ओढतो, जास्त तापतो, लवकर म्हातारा होतो.

"आन् काम?"

"काम लवकर होतं."

"मंग?"

माझी नोकरीच अशी, की कंपनीतलं कुठलंही पॅनल पाहिजे त्यापेक्षा जास्त तापू द्यायचं नाही. सिग्नल सुटला म्हणून मी वाचलो.

तुम्ही घाई केली नाहीत. आधी महिनाभर व्हिडिओ बघितलेत. मुक्ताची अर्धी कोरी राहिलेली वही घेतलीत. कंप्युटर सुरू होताना एक बटण दाबून आत शिरता येतं, तिथं वेग आणि व्होल्टेजचे आकडे असतात. तिथं एक पायरी वाढवायची, बाहेर यायचं, चित्र करायला लावायचं, बंद पडलं की पुन्हा आत. प्रत्येक वेळी वहीत ओळ. तपासायला तुमचं एक ठरलेलं चित्र होतं, बीड बायपासच्या कुणाच्या तरी स्वयंपाकघराचं, नारिंगी ट्रॉल्यांचं. मूळ वेगात ते तयार व्हायला चार तास दहा मिनिटं लागायची. प्रोसेसर थंड ठेवायला मोठा कूलर बसवलात, वेग चारवरून चार पॉइंट सहा गिगाहर्ट्झवर नेलात, आणि एका दुपारी जिन्यातून हाक आली, "भाऊजी, तीन तास सदतीस! तेहतीस मिनिटं वाचली!" मुक्ता वर्गात पहिली आल्यासारखा आवाज होता तुमचा.

मी मीटर घेऊन वर आलो. भिंतीतून ओढली जाणारी वीज मोजली. "सत्तर वॅट जास्त. एक सीलिंग फॅन दिवसभर उगाच चालू ठेवल्यासारखं आहे हे."

"चालू द्या की मंग. फॅन काय आपल्या घरात नाय का?"

विजेचं मी सोडून दिलं. माझा खरा मुद्दा वेगळा होता. हा कूलर, हा भारीतला मदरबोर्ड, ह्यांचे पैसे एकत्र केले असते तर वरच्या दर्जाचा प्रोसेसर आला असता. थंड चालला असता. बिघडला तर पावती घेऊन दुकानात उभं राहता आलं असतं. आत्ता गॅरंटीवाला आपल्याला दारात उभं करणार नाही.

"एकदम एवढे होते का माझ्याकडं? कूलर मागून घेतला, पहिल्या कामाचे आल्यावर. वरचा प्रोसेसर असा तुकड्यातुकड्यानं येतो का?"

"पण तेहतीस मिनिटांसाठी, वहिनी? चित्र लावून द्या आणि भाकरी करा. तेहतीस मिनिटांनी काय बिघडतं?"

तेव्हा तुम्ही मला खुर्चीवर बसवून समजावलंत. सगळ्यांचे डबे, धुणं, पाणी भरणं आटोपून तुम्ही अकराला वर यायचात. अकराला लावलेलं चित्र जुन्या वेगात तीन दहाला संपणार. मुक्ताची शाळा तीनला सुटणार, म्हणजे पावणेतीनला तुम्हाला निघावं लागणार. परत आलं की तिचं खाणं, अभ्यास, मग संध्याकाळचा स्वयंपाक. चूक दिसली तरी दुसरं चित्र उद्याच लागणार. पण दोन सदतीसला संपलं, तर बघून, चूक सुधारून, दुसरं लावूनच तुम्हाला चप्पल घालता येणार होती. "तुमच्या गणितात तेहतीस मिनिटं, भाऊजी. माझ्या गणितात अख्खा दिवस."

मी म्हटलं, "आणि जळलं तर?"

"जळलं तर रडू."

दोन वर्षं हे असंच चाललं. रविवारी मी चहाला वर यायचो, वही उघडायचो, नाक मुरडायचो. तुम्ही एक मुद्दा मांडायचात, मी दुसरा. लग्न होऊन घरात आल्यावर अश्विनी म्हणायची, "एवढं आपण दोघं तरी कधी बोलतो का?" खरं होतं. आमच्या लग्नाआधीही आणि नंतरही, मला आपल्या घरात सगळ्यात आवडणारी गोष्ट ती होती. तो पाऊण तास. आणि आणखी एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. मलाही नाद लागला होता. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर तेच व्हिडिओ बघायचो. कोण कुठं कितीपर्यंत गेलं, कुठला कूलर, किती डिग्री. फक्त कबूल करायचं नव्हतं. दोन वर्षं नाही म्हणलेला माणूस हो कसा म्हणणार?

आता तो मे महिना.

एका रविवारी तुमच्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. दादा, मुक्ता आणि तुम्ही सकाळीच शेंद्र्याला गेलात. आई खाली झोपलेली, अश्विनी माहेरी. मी वर गेलो. कंप्युटर सुरू केला, बटण दाबून आत शिरलो. तुमचा आकडा सेहेचाळीस होता, म्हणजे चार पॉइंट सहा. मी अठ्ठेचाळीस केला. मशीन उठेना. व्होल्टेज वाढवलं. तरी उठेना. आणखी वाढवलं, एक पॉइंट चार दोनपर्यंत, आणि ते सुरू झालं. वहिनी, मला काय आनंद झाला! एकटाच हसत होतो. दहा मिनिटं चाचणी चालवली, तापमान पंच्याण्णवच्या वर गेलं, तसा घाबरलो. पुन्हा आत शिरून वेग सेहेचाळीसवर आणला, बंद केलं, खुर्ची होती तशी ठेवली, खाली आलो.

वेग परत आणला. व्होल्टेज परत आणायचं विसरलो.

म्हणजे काम पहिल्याइतकंच, पण वीज पाहिजे त्यापेक्षा जास्त दाबानं आत जात राहिली. वर पत्रा, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि त्याच आठवड्यात तुमचं सगळ्यात मोठं काम. चिकलठाण्याच्या एका बिल्डरनं रो हाउसची बारा चित्रं मागितली होती. शुक्रवारी द्यायची, आवडली तर पुढचं वर्षभराचं काम तुमच्याकडं. तुम्ही दोन दिवस दुसरं काही बोलला नव्हतात.

गुरुवारी दुपारी तुमची किंकाळी ऐकून मी धावत वर आलो. माझी दुसरी पाळी होती, घरीच होतो. खोलीत जळका वास. मेन बंद करून कंप्युटरचा डबा उघडला, तर प्रोसेसरच्या शेजारी, मदरबोर्डावर, वीज पुरवणाऱ्या भागावर काळा डाग. बघताक्षणी मला रविवार आठवला. व्होल्टेज आठवलं. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होतात.

मी म्हणालो, "सांगितलं होतं तुम्हाला."

दुसरं काहीही बोललो असतो तर खरं बाहेर आलं असतं, म्हणून ते बोललो. तुम्ही जमिनीवरच बसलात. रडला नाहीत. म्हणालात, "माझीच हाव नडली, भाऊजी. तुम्ही बराबर होता."

नवा बोर्ड यायला नऊ दिवस लागले. प्रोसेसर वाचला होता. बिल्डरनं काम दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. वर्षभराच्या कामाचं नाव तुम्ही पुन्हा काढलं नाहीत. नवा बोर्ड बसल्यावर तुम्ही सगळे आकडे कंपनीनं दिले होते तिथं नेऊन ठेवलेत, आणि वही कपाटात गेली. पुन्हा चार तास दहा मिनिटं. पुन्हा पावणेतीनला अर्धं चित्र तसंच सोडून शाळेकडं. मी जिंकलो होतो. रविवारी वर यायचो, चहा व्हायचा, आणि आपल्या दोघांना बोलायला काही नसायचं. "ऊन लई आहे." "व्हय." असं.

वर्षभर मी ते सोसलं. सोसलं कसलं, तुम्हाला सोसायला लावलं. किती वेळा जिन्यात ठरवलं, आज सांगायचं. वरच्या पायरीपर्यंत धीर टिकायचा. मग एका रविवारी तोंडातून निघालं ते हे, "वहिनी, थोडं वाढवून बघू का?"

तुम्ही कप खाली ठेवलात. "तुम्ही म्हणता हे?"

"चार पॉइंट चार. व्होल्टेज अजिबात न वाढवता. जेवढं फुकट मिळतं तेवढंच घ्यायचं."

"तुम्हीच म्हणायचे की, फुकट काही नसतंय."

"थोडं असतं. मी चुकलो."

'मी चुकलो' म्हणालो, पण कशात, ते नाही सांगितलं. तुम्ही माझ्याकडं लई वेळ बघितलंत. मग वही काढलीत. त्या दुपारी आपण दोघं शेजारी बसून एकेक पायरी चढलो. नारिंगी ट्रॉल्यांचं चित्र तीन तास सत्तेचाळीस मिनिटांत झालं. तेवीस मिनिटं वाचली, उष्णता जवळजवळ मूळ वेगाइतकीच. वरची दहा मिनिटं मिळवायला सगळा खटाटोप लागत होता, कूलर ओरडत होता, बोर्ड भाजत होता. पहिली तेवीस तशीच पडून होती. अकराला दहा मिनिटं कमी असताना लावलं, की पावणेतीनच्या आत जमायचं. तुम्ही म्हणालात, "दहा मिनिटं तर मी धुणं पटापट करून काढते."

आणि मग, पडद्याकडं बघतच, तुम्ही म्हणालात, "आता आत शिरायला पासवर्ड टाकलाय. 'भाऊजी' असा. तुम्हाला कधी लागला तर आठवंल."

मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. तुम्ही आकडे लिहीत होतात. सांगायची ह्याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. मी म्हटलं, "चहा छान झालाय." तुम्ही म्हणालात, "साखर इसरलेय मी त्यात."

त्यानंतरची चार वर्षं चांगली गेली. मोठा बिल्डर परत आला नाही, पण छोटी माणसं आली. एक खोली वाढवणारे, गावाकडचं घर पाडून नवं बांधणारे, शेंद्र्याच्या कंपनीत लागलेली, पहिलं घर बघणारी पोरं. तुम्ही त्यांना ओट्याची उंची त्यांच्या आईला उभं करून मोजायला लावायचात. मागच्या महिन्यात आपलं शेवटचं भांडण झालं. नवी मशीन घ्यायची होती. मी म्हणालो, "ह्या वेळी भारीतला घ्या, आणि हात लावू नका. आता नव्या प्रोसेसरांचा जेवढा वेग वाढायचा तेवढा कंपनीच वाढवून देते. आपल्याला काही शिल्लक ठेवत नाही." तुम्ही म्हणालात, "काहीतरी ठेवत असतील. बघितल्याशिवाय कसं कळंल?" दादानं जेवायला हाक मारली आणि ते तिथंच राहिलं.

मग ताप आला. डेंग्यू निघाला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सनं तुमचा ताप बघून एकशेतीन सांगितला, तर तुम्ही डोळे न उघडता मला म्हणालात, "म्हणा आता, सांगितलं होतं तुम्हाला."

तुम्ही हसत होतात. मला बाहेर जावं लागलं. व्हरांड्यात उभं राहून मी ठरवलं, घरी आल्यावर पहिल्यांदा हेच सांगायचं. बरं वाटू दे, मग. पाचव्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

आज एकवीस दिवस झाले.

परवा दुपारी दादा आणि मी वर गेलो. चिकलठाण्याच्या एका बाईंचं काम राहिलं होतं. त्या एकट्या, निवृत्त नर्स, दोन खोल्यांचं घर बांधतायत. त्यांनी पैसे आधीच दिलेले. दादा परत करायला गेला तर म्हणाल्या, "मला पैसे नकोत, जमेल तेव्हा चित्र द्या. त्यांनी माझ्याशी दोन तास बसून खिडकी ठरवलीय." मुक्तानं फाइल उघडून बघितली होती. सगळं झालेलं होतं, शेवटचं चित्र करायला लावायचं तेवढं बाकी होतं.

दादा कॉटवर बसला. मी तुमच्या खुर्चीवर बसलो आणि मला पुढं काही करता येईना. म्हणालो, "दादा, तो बोर्ड माझ्यामुळं जळला होता."

त्यानं मान वर केली नाही. "माहितीय मला."

"काय माहितीय?"

"नवा बोर्ड बसल्यावर तिनं बघितलं. तापमान मोजायचं काहीतरी असतंय ना, त्यात सगळं लिहून राहतंय म्हणे. रविवारी दुपारपासून आकडा वाढलेला. रविवारी आम्ही शेंद्र्याला. घरी आई आणि तू. आता आई तर काय करणार नाय."

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"मी म्हणलो होतो तिला, बोलू का त्याच्याशी. रागात होती चार दिवस. जेवली नाय नीट. मग म्हणली, नगा बोलू. भाऊजी लाजतील, आन् वर यायचं बंद करतील. मग मी भांडू कुणाशी? तुम्हाला तर ह्यातलं ओ का ठो कळत नाय." दादा हसला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

वहिनी, तुमचं वर्षभराचं काम माझ्यामुळं गेलं. तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि तुम्ही माझ्यासाठी चहा करत राहिलात. मी त्या वेळी बोललो असतो तर तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी वही उघडली असती. एक वर्ष वाचलं असतं आपलं. त्याची भरपाई कशानंही होत नाही, हे मला कळतं. पण तुम्ही मला घालवून दिलं नाहीत. चोरी केलेल्या माणसाला त्याचंच नाव किल्ली म्हणून दिलंत. एवढं मोठं मन कुणाचं असतं, मला माहीत नाही. माझं नाही.

दादानं डोळे पुसले आणि म्हणाला, "ती दिवसभर इथं काय करायची, मला दाखव ना एकदा. वीस वर्षं संसार केला, कधी बसून बघितलं नाय मी."

मी फाइल उघडली. त्या नर्सबाईंचं घर, बुटकं, पुढं पायऱ्या, खिडकीत तुळशीची कुंडी. तुम्ही ती कुंडी थोडी तिरकी ठेवलीय. चित्र करायला लावलं. पंख्याचा आवाज चढत गेला.

"आता काय करायचं?" दादानं विचारलं.

"आता वाट बघायची."

"किती?"

"पावणेचार तास."

त्यानं स्टूल ओढलं आणि डब्याच्या बाजूला बसला. बराच वेळ पडद्यावर काही दिसत नव्हतं. मग त्यानं हात लांब करून डब्याच्या मागं धरला, जिथून वारा बाहेर येतो तिथं.

"गरम येतंय रे."

"येणारच, दादा. काम चाललंय."

त्यानं हात काढला नाही. मी खाली जाऊन अश्विनीला सांगितलं, आम्हाला जेवायला उशीर होईल.